न उघडणारी फाइल आणि मोडीचा रुमाल

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरचे चित्रण संगणकात उतरवले, पडद्यावर ते दिसतेही. पण संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडत नाही. मग ‘फाइल खराब आहे’ म्हणून ती पुसून टाकणारे पाहिले की मला मोडी कागदांचा रुमाल रद्दीत घालणारे आठवतात.

एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणलेला केवळ रुमाल आहे. आतील लिपी म्हणजे कोडेक. ती सॉफ्टवेअरला अवगत नसेल, तर दोष कागदांचा कसा? एमपी-फोरची अडचण निराळी. त्याची सूची बहुधा चित्रण संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली की कागद राहतात, सूची राहत नाही.

तेव्हा फाइलच्या नावाचे शेपूट बदलून काही साधत नाही. आधी मूळ फाइल जपून तिची प्रत करावी, मीडियाइन्फोने कोडेक ओळखावा आणि एफएफएमपेगने त्या प्रतीचे संपादनाला चालेल असे रूपांतर करावे. दोन्ही साधने विनामूल्य आहेत.

हे काम विज्ञानशाखेचे, असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतील. मला ते पटत नाही. कॅसेटवर एखादा दिवंगत शाहीर गात असेल, तर ते चित्रण पुन्हा होणे नाही. इतिहासाचा विद्यार्थी मोडी शिकतो. त्याने कोडेकही ओळखायला शिकावे.