स्प्रिंग कापू नका रे!

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ हे माझे जुने वैरी. या लेखात शुद्धलेखन बरोबर दिसलं तर श्रेय संपादक मंडळाचं, चुकलेलं दिसलं तर माझं. इंग्रजी विभागात लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग ते आबांना वाचता आलं नसतं. आणि भांडण तर आबांशीच आहे!

भांडण गाडीवरून. आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. केजजवळच्या आमच्या गावात त्या काळी दुसरी चारचाकी नव्हती. रात्री-बेरात्री कुणाला साप चावला, कुणाच्या घरची बाई अडली, की लोक आबांचं दार वाजवायचे. मागच्या सीटवर पेशंट, त्याची आई, आणखी दोघं-तिघं, आणि गाडी निघाली अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. रस्ता म्हणजे नावालाच रस्ता. मागचे कमानपाटे बसायला लागले तेव्हा आबांनी जीपच्या भंगारातला एक पाटा मापात कापून घेतला आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा घातला. गाडी मागून जरा उचललेली दिसते ती त्यामुळे.

आता मला ही गाडी पळवायची आहे. घाटात नाही, घाबरू नका. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात कोन मांडून घड्याळाशी लावलेली शर्यत, तेवढीच माझी उडी. खरा रेसिंग ट्रॅक आपल्यासाठी लंकेइतका दूर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० चा, कोइम्बतूरचा कारी २००३ चा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ चा. अहिल्यानगरला व्हीआरडीईचा टेस्ट ट्रॅक आहे, पण तो लष्कराच्या गाड्यांचा, तिथे आमची पद्मिनी कोण घेणार?

‘पद्मिनी आणि रेस?’ म्हणून हसू नका. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. तिथे कित्येक वर्षं रेस झाल्या आणि त्यात फियाट ११०० धावायच्या. पद्मिनी म्हणजे तीच फियाट. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आसपास. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि कमानपाटे. त्या काळच्या अँबेसेडरपेक्षा ही पोरगी हलकी आणि चपळ. सस्पेन्शनची मूळ रचना वाईट नाही, म्हातारी झाली आहे इतकंच.

आता मूळ मुद्दा. जुनी गाडी हाती आली की आपल्या हॉस्टेलची पोरं पहिलं काम काय करतात? गॅस कटर आणून स्प्रिंगची दीड-दोन वेटोळी उडवतात! गाडी खाली बसते, फोटो झकास येतो, खर्च गॅसचा. याला ते ‘बजेट रेसिंग सस्पेन्शन’ म्हणतात. मी याला येडेपणा म्हणते.

सेकंड इयरला आपण सगळ्यांनी फॉर्म्युला पाठ केला की स्प्रिंगचा ताठपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ चालू वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग साधारण चौदा टक्के ताठ होते. वाईट नाही, असं वाटेल. पण चाकाला वर जायला जागा किती उरली? खड्डा आला की बंप स्टॉपवर धाडकन. उलट चाक खाली लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या वाटीत सैल पडते. आमच्या वर्गातल्या एकाने मारुती ८०० वर हा प्रयोग केला. स्पीडब्रेकरवर स्प्रिंग वाटीतून सरकली. सुदैवाने गाडी वीसच्या स्पीडला होती. मांजरसुंब्याच्या उतारावर असती तर हा लेख मी वेगळ्या विभागात लिहिला असता.

त्यात आणखी गंमत आहे. विशबोनची गाडी खाली घेतली की आर्म वर तिरके होतात आणि बहुतेक वेळा रोल सेंटर गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातं. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं आणि वळणावर गाडीला कलंडवणारा जोर वाढतो. ताठ स्प्रिंगने कमावलं ते इथे गमावलं! हे माझ्या डोक्यात लायब्ररीत शिरलं नाही. पेन्सिलने कागदावर आर्म काढले, दोन वेळा खोडले, तेव्हा शिरलं.

मग पैसे घालायचे कुठे? माझ्याकडे होते वीस हजार. स्कॉलरशिप, दिवाळीचे पैसे आणि आईने बाबांना न सांगता दिलेले थोडे. मी यादी करून गॅरेजवाल्या चाचांकडे गेले. चाचा आयुष्यभर पद्मिनी आणि जीपच खोलत आले आहेत. माझी यादी त्यांनी उलटी धरली, हसले आणि म्हणाले, “बेटी, स्प्रिंग को हात नको लगाव. पैले बुश देख.”

आणि चाचा शंभर टक्के बरोबर निघाले. पुढच्या विशबोनचे रबर बुश बिस्किटासारखे चुरा झाले होते. किंगपिनला बोटभर खेळ. म्हणजे स्टीअरिंग एक सांगतंय आणि चाक दुसरंच ऐकतंय. अशा गाडीला जगातली सगळ्यात महागडी स्प्रिंग बसवली तरी काय उपयोग? सासूचं सूनेला ऐकू येत नाही, तसलं काम. बुश आणि किंगपिन किट बदललं, चारही शॉकअप नवे टाकले, अलाइनमेंट केलं. तेवढ्यावरच गाडी दहा वर्षांनी तरुण झाली. पार्टची शोधाशोध मात्र पुष्कळ. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरचा मालही आटत चालला आहे, असं चाचा म्हणतात. सांभाळून ठेवलेला एकेक बुश आता सोन्याचा.

उरलेले पैसे टायर आणि ब्रेकला. जमिनीला टेकतात ते चार टायरच, बाकी सगळं सस्पेन्शन त्यांची सेवा करायला. जुने क्रॉस-प्लाय काढून साधे रेडियल घातले. चारही ड्रमचे ब्रेक-शू नवे. ब्रेक ऑइल तर बदलाच. डॉट ३ ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं असताना उकळायला निदान २०५ अंश लागतात, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं, आणि मग पॅडल थेट फळीला. या कामाचा फोटो चांगला येत नाही, म्हणून कुणी करत नाही!

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत आपल्या मर्जीने बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलं. शिवाय २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षं जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. आमची पद्मिनी २०३६ मध्ये पन्नास पूर्ण करेल. म्हणून माझा नियम असा, की जे बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं तेवढंच करायचं. कापायचं नाही, वेल्डिंग नाही, भोक पाडायचं नाही.

आणि इथेच आबांशी गाडी अडली. मागचा तो जादा पाटा! मागे चार माणसं असताना तो देवासारखा, पण मैदानात मागची सीट रिकामी. ताठ पाट्यांवर हलका ॲक्सल नुसता उड्या मारतो, वळणावर मागची चाकं जमीन सोडतात आणि शेपूट बाहेर. पाटा काढायलाच हवा. तोही बोल्टनेच लागलेला. माझ्या नियमात बसतं.

“काय करायलीस ग? त्या पाट्याला हात लावायचा नाही,” आबा म्हणाले. मी आकृती काढून दाखवली. त्यांनी आकृती नीट पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुझं गणित बरोबर असंल. पण रात्री कुणी दार वाजवलं तर?”

आता गावात १०८ ची ॲम्ब्युलन्स येते हे मलाही माहीत आहे आणि आबांनाही. तरी मला उत्तर सुचलं नाही. शेवटी तह झाला. दोन्ही पाटे काढायचे, ग्रीस लावून पोत्यात गुंडाळायचे आणि गाडीच्याच वर आढ्याला टांगायचे. परत बसवायला चाचांना किती वेळ लागतो ते आबांनी स्वतः घड्याळ लावून पाहिलं. दोन्ही बाजूंचे मिळून एक तास दहा मिनिटं. “ठीक हाय,” म्हणाले, पण पोत्याची गाठ त्यांनी स्वतःच मारली.

पाटा कमी झाल्यावर आता सेंटर बोल्ट लांब पडतोय आणि मापाचा मिळत नाहीये. परळीपर्यंत विचारून झालं. कुणाच्या घरी जुनी पद्मिनी पडली असेल तर थर्ड इयर मेकॅनिकलला निरोप द्या. पैसे रोख मिळतील.