मागे बसणाऱ्याचे हेल्मेट

गेल्या महिन्यात मुंबईहून आमची खाला आली. लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही कोंढव्याहून स्कूटरवर कॅम्पात निघालो. गाडीवर बसण्याआधी तिने विचारले, ‘‘माझं हेल्मेट कुठाय?’’

आम्ही हसलो. ‘‘खाला, पुण्यात मागे बसणाऱ्याला लागत नाही.’’

‘‘मुंबईत तर लागतं. पुण्याचा कायदा वेगळा आहे का?’’

शोध घेतला, तेव्हा आमचीच चूक निघाली. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो साऱ्या देशाला एकच आहे. त्याचे कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. सूट आहे ती फक्त पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला. आपली टोपी, स्कार्फ किंवा बुरखा यांना सूट नाही.

मग हा गोंधळ कशामुळे? पूर्वी या कलमात राज्यांना अपवाद करण्याची मुभा होती. दिल्लीत तर २०१४ पर्यंत महिलांना हेल्मेट ऐच्छिक होते. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुभा गेली. तरी दंडाची रक्कम अजून राज्याराज्यांत वेगळी आहे. कायद्यात एक हजार रुपये आहेत, पण गुजरातने २०१९ मध्येच ते पाचशेवर आणले. शिवाय अंमलबजावणी शहराशहरांत वेगळी. मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवर २०२२ च्या जूनपासून कारवाई सुरू केली. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून कडक मोहीम निघाली, तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. पुढे मोहीम मंदावली आणि आपण समजलो, कायदाच सैल आहे.

चौकात मामा थांबवत नाहीत, म्हणजे नियम नाही असे नव्हे. आणि डोके आपटायचे तर रस्ता शहर विचारत नाही.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती लहान मुलांची. जुम्याच्या नमाजला निघताना अब्बांच्या पुढे उभे असलेले पोर आपण रोज पाहतो. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे त्याच्या मापाचे हेल्मेटही हवे, आणि गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत.

घेताना आयएसआय खूण पाहावी. स्कार्फ पातळ आणि सपाट बांधावा, गाठ डोक्यावर नको. मग हेल्मेट घट्ट बसते. हनुवटीचा पट्टा लावायला विसरू नये. ओढणी आणि बुरख्याची टोके आवरून बसावे, चाकात अडकली तर हेल्मेटही वाचवू शकत नाही.

त्या दिवशी लग्नाच्या कपड्यांआधी आम्ही खालासाठी हेल्मेट घेतले. तेही रिक्षाने जाऊन.