मेसेजवर तारीख टाका, आकडा रोज भरा

"अर्जंट! ओ निगेटिव्ह पाहिजे. पेशंट ॲडमिट आहे. फॉरवर्ड करा."

अमळनेरच्या कुठल्याही ग्रुपवर असा मेसेज असतोच. पेशंट बरा होऊन घरी गेला तरी मेसेज फिरत राहतो, कारण त्यावर तारीखच नसते. असे दहा शिळे मेसेज पाहिले की अकराव्या, खऱ्या मेसेजकडे कोणी बघत नाही. धोका तिथे आहे.

मंडळी, रक्तदात्याचं रक्त काढून लगेच पेशंटला लावत नाहीत. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या कराव्याच लागतात. त्यात तास जातात. बाळंतिणीचा रक्तस्राव तेवढा थांबत नाही. तिला वाचवते ती आधीच तपासून ठेवलेली पिशवी. म्हणून पहिला प्रश्न "डोनर कोण?" हा नाही. "पिशवी कुठे आहे, धुळ्यात की जळगावात?" हा आहे.

याच्यासाठीच केंद्र सरकारने २०१६ मध्ये ई-रक्तकोष सुरू केलं. मोबाईलवर राज्य, जिल्हा, रक्तगट निवडला की कोणत्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे ते दिसतं. पण तो आकडा शेवटी माणूसच भरतो. सकाळी दिसलेली पिशवी दुपारी दुसऱ्याला गेलेली असू शकते. आकडा कधीचा आहे ते बघा आणि गाडी काढायच्या आधी रक्तपेढीला फोन कराच.

दुसरं, शिबिरांचं. जयंती आली की एकाच दिवशी गावभर शिबिरं, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद म्हणून टंचाई. प्लेटलेट टिकतात ५ दिवस, लाल पेशी फार तर ४२. थॅलेसेमियाच्या लेकरांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते भाऊ!

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. रक्तपेढ्यांनी आकडा रोज भरावा आणि तो भरला जातो की नाही, हे जिल्हा प्रशासनाने तपासावं. मंडळांनी शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवावी. दात्यांच्या यादीत मागच्या रक्तदानाची तारीख ठेवावी. पुरुषांना ३ महिने, महिलांना ४ महिने अंतर लागतं. आणि ग्रुप ॲडमिन मंडळी, तारीख, वेळ, दवाखाना नसलेला मेसेज पुढे पाठवू नका. रक्त मिळालं की "मिळालं" असं लिहा आणि जुना मेसेज काढून टाका.

ॲप सरकारने दिलं. त्यातली माहिती ताजी ठेवायचं काम मात्र आपल्या सगळ्यांचं आहे.