अकोटपेक्षा लहान देशाला सुवर्ण मिळते, अन् आपण अजून १९३६ चेच हार घालून राहिलो

पोस्ट लांब आहे. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

ऑगस्ट १९३६. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं गेलं आणि कबड्डीसह आपले देशी व्यायामप्रकार जगाला दाखवून आलं. देश पारतंत्र्यात, आपला झेंडासुद्धा आपला नव्हता, आणि १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली वऱ्हाडातली एक व्यायामसंस्था बोटीनं युरोपात पोचली. ज्या ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सनं ४ सुवर्णपदकं घेतली आणि ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ नं लोळवलं, तेच हे ऑलिंपिक. याचा अभिमान मलेही आहे, कोणी शंका घेऊ नये.

पण या ऑगस्टात त्या गोष्टीला ९० वर्षं होतात. आणि देश आता २०३६ चं ऑलिंपिक अहमदाबादला मागून राहिला आहे, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी. ते मिळालं तर इकडं शताब्दी होईल, होर्डिंग लागतील, पुढाऱ्यांचे फोटो मोठे अन् खेळाडूंचे लहान छापले जातील. तेव्हा मैदानात वऱ्हाडचं कोण असेल, हे आजच विचारलं पाहिजे. २०३६ मध्ये जी पोरगी २२ वर्षांची असेल, ती आज जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीत बसली आहे.

आता थोडं दूर जाऊ. ३ ऑगस्ट २०२४, पॅरिस. सेंट लुसिया नावाच्या कॅरिबियन बेटावरची ज्युलियन आल्फ्रेड भर पावसात १०० मीटर १०.७२ सेकंदात पळाली आणि अमेरिकेच्या शाकॅरी रिचर्डसनला मागं टाकून सुवर्ण घेऊन गेली. सेंट लुसियाचं ते आजवरचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच रात्री शेजारच्या डॉमिनिकाची थिआ लाफाँड तिहेरी उडीत १५.०२ मीटर गेली, त्यांचंही पहिलंच पदक, तेही सुवर्ण. सेंट लुसियाची लोकसंख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास. डॉमिनिकाची ७० हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपलं नुसतं अकोट शहर ९२ हजारांचं होतं. अकोला जिल्हा १८ लाखांचा, अमरावती जवळपास २९ लाखांचा. पॅरिसच्या पदकतक्त्यात हे दोन्ही देश भारताच्या वर होते. आपण ६ पदकं घेऊन ७१ वे, त्यात सुवर्ण एकही नाही.

हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, "भाऊ, त्या लोकायचं रक्तच वेगळं राहते." मले या उत्तराचा कंटाळा आला आहे. रक्तातच सगळं असतं तर या बेटांना पहिल्या पदकासाठी २०२४ पर्यंत काऊन थांबावं लागलं असतं?

दुसरं उत्तर येतं पैशाचं. तर ऐका. सेंट लुसियाच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये अनेक वर्षं इस्पितळ चालत होतं, कारण २००९ मध्ये तिथल्या एका इस्पितळाला आग लागली आणि रुग्ण तिकडं हलवले. ज्युलियननं जिंकल्यावर स्वतः सांगितलं की ती अनवाणी पळायची, शाळेच्या गणवेशात पळायची. वडील लहानपणीच गेले. आपल्या दर्यापूर-बाळापूरच्या पोट्ट्यांपेक्षा तिचे हाल काही कमी नव्हते.

मग तिला मिळालं काय? चौदाव्या वर्षी जमैकाची शाळा मिळाली. जमैकात शाळांची अॅथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून होते आणि ती बघायला स्टेडियम भरते. पुढं अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली. लाफाँडचंही बरंचसं घडणं अमेरिकेतलं. म्हणजे लहान देशांनी सगळं घरीच केलं असं मी म्हणत नाही, खोटं कशाला बोलायचं? पण पोरगी जोरात पळते हे आधी तिच्या गावात, तिच्या शाळेत कोणाला तरी दिसलं. ते दिसायला शर्यत लागते. आपल्या पोरीची शर्यतच होत नाही.

मी ज्या शाळेत शिकलो तिचं नाव लिहीत नाही. तिथं पीटीचा तास वेळापत्रकात होता अन् प्रत्यक्षात तो गणिताचा होता, पोर्शन मागं पडला म्हणून. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी चुना टाकून एकदा पळवायचे, बस. तेव्हा वाटायचं आपल्याच शाळेत असं आहे. नंतर कळलं की आपली शाळा तर बरी होती.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. पण शारीरिक शिक्षणाचा निदेशक कुठं? सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तिथंच, आणि तोही अर्धवेळ. मेळघाटातली शाळा घ्या नाहीतर पातूरकडची घ्या, सहावी ते आठवीत १०० पोरं आणायची कुठून? म्हणजे जिथं पोरं रानावनात हिंडून आधीच चपळ असतात, नेमक्या तिथंच त्यांना पाहणारा माणूस कायद्यानंच वगळला. आणि हे त्या वऱ्हाडात, जिथली अमरावती देशभराला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवून देते! बी.पी.एड. झालेले पोट्टे नोकरी नाही म्हणून कापसाच्या जिनिंगवर वजनं लिहून राहिले, आणि दहा किलोमीटरवरच्या शाळेत शिट्टी वाजवायला माणूस नाही.

तालुका स्पर्धा होतात, मान्य. त्या पावसाळ्यात चिखलात एका दिवसात उरकतात. बऱ्याच पालकांचा डोळा दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांवर असतो, त्यांना दोष देत नाही. पण तिथं कोणाचा वेळ किती आला, गेल्या वर्षी किती होता, पुढच्या वर्षी त्या पोरीचं काय झालं, याची वही कोण ठेवतो? मैदानांची तर गोष्टच नको. अमरावतीत सायन्सकोर मैदान म्हटलं की तुम्हाला काय आठवते? सभा अन् प्रदर्शनं. मांडवाचे खड्डे बुजवायला मात्र कोणीच येत नाही.

पैसा आपल्याकडं येतो, पण पदकानंतर. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य घेतलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राचं हे दुसरं वैयक्तिक पदक, मध्ये ७२ वर्षं. त्याला १ कोटी जाहीर झाले. मिळालेच पाहिजेत. पण खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं, आणि आजही तालुक्याच्या पोराला स्पाइक घ्यायचे तर बापालाच उधारी करावी लागते.

सगळंच वाईट नाही. बुलडाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिरंदाजीच्या सांघिक सुवर्णात होता, समोर कोरिया होता. वऱ्हाडातलं पोरगं जगात जाऊ शकते, याला अजून कोणता पुरावा पाहिजे?

"कबड्डी ऑलिंपिकला येऊ द्या, मग पाहा" म्हणणाऱ्यांना २०१८ चं जकार्ता आठवावं. आपल्या पुरुषांना इराणनं उपांत्य फेरीत हरवलं, बायकांना अंतिम फेरीत. बर्लिनला आपण शिकवून आलो, लोक शिकले.

माझी मागणी लहान आहे. १०० ची अट सोडा, चार-पाच लहान शाळा मिळून एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्या, गरज पडली तर जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून. प्रत्येक केंद्रात वर्षातून तीनदा साधी शर्यत अन् उडी घ्या, आणि आकडे लिहून ठेवा. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला हेच विचारा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आणि एक काम आजच करा. तुमच्या गावच्या शाळेत मैदान आहे का, पीटीचे सर किंवा मॅडम आहेत का, हे गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. कोणाचं वैयक्तिक नाव नको. शंभर गावं झाली की यादी करून अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हा परिषदांत नेऊन देतो, पोच घेऊन इथंच टाकतो.