‘नेट आहे’ म्हणजे नेमके काय आहे?

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे छोटे स्टेशन. इथल्या पाड्यांवरच्या सिकलसेल रुग्णाला प्रत्येक सल्ल्यासाठी नंदुरबार गाठायला नको, ‘ई-संजीवनी’वर डॉक्टर मोबाइलमध्येच भेटतील, ही कल्पना उत्तम आहे. पण ‘केंद्रात नेट आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानणे चुकीचे आहे.

जाहिरातीत झळकतो तो आकडा बहुधा डाउनलोडचा, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या माहितीचा. सिनेमा पाहणाऱ्याला तो पुरतो. आरोग्य केंद्रातून मात्र एक्स-रे, ईसीजी, चट्ट्याचा फोटो बाहेर पाठवायचा असतो. तिथे अपलोड लागतो आणि तो बऱ्याचदा खूपच कमी असतो. त्यात आणखी एक गफलत होते. फाइल बाइटमध्ये मोजतात, वेग बिटमध्ये. 8 बिटचा 1 बाइट. म्हणजे 10 एमबीचा एक्स-रे 80 मेगाबिटचा झाला. 1 एमबीपीएस अपलोडवर त्याला किमान 80 सेकंद लागणार. जुन्या, फोनच्या तारेवर किरकिरणाऱ्या 56 केबीपीएस मोडेमवर हेच काम 24 मिनिटांहून अधिक वेळाचे होते. (मोडेम म्हणजे संगणकाचे शून्य-एक लहरींवर चढवणारे आणि पलीकडे उतरवून घेणारे यंत्र. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर यांचे ते जोडनाव.)

वेगाइतकाच महत्त्वाचा, पण सहसा कोणी न विचारणारा आकडा म्हणजे लेटन्सी. स्पीड टेस्टमध्ये तो ‘पिंग’ म्हणून दिसतो. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, मग बँडविड्थ कितीही असो. मावची बोलणारी आजी, मध्ये भाषांतर करणारी आशाताई आणि वर हा खोळंबा! त्यातच माहितीची काही पाकिटे वाटेत गळाली, तर ‘दुखत नाही’मधला ‘नाही’च डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. अशा जिल्ह्यात अपलोड, पिंग आणि पाकीटगळती हे तीन आकडे उपकेंद्राच्या फलकावर लिहिणे अवघड नसावे. ते कमकुवत असतील तिथे व्हिडिओचा हट्ट सोडावा. आधी फोटो आणि अहवाल पाठवावेत, ते पोहोचले की साध्या फोनवर बोलावे. आणि मोजणी ओपीडीच्या गर्दीत व्हावी, रात्री दोन वाजता नव्हे.