फ्लेक्स लावलात, आता खोलीची किल्ली द्या



आपल्या जिल्ह्यातलं एखादं पोरगं टीव्हीवर दिसलं की दोन गोष्टी हमखास होतात. पोवई नाक्यावर फ्लेक्स लागतो, त्यात पोराचा फोटो पासपोर्ट साइझचा आणि पुढाऱ्याचा पुरुषभर उंच. आणि आमच्या धंद्यातली मंडळी बातमी लावतात, ‘अमुकचं एका एपिसोडचं मानधन ऐकून थक्क व्हाल’. आकडा कुणी विचारून छापलेला नसतो. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या महिन्यात शिकवतात की बातमीला सूत्र लागतं. इथं सूत्र म्हणजे दुसरी वेबसाइट, आणि तिचं सूत्र तिसरी.

नितीश चव्हाणचंच घ्या. सातारचा पोरगा, मूळचा डान्सर. 2017 च्या मे महिन्यात झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झालं आणि हा ‘अज्या’ घराघरात गेला. मालिका लिहिली वाईच्या तेजपाल वाघ यांनी, निर्मितीत सातारच्याच श्वेता शिंदे, शूटिंग आपल्याच मातीत. त्याआधी टीव्हीवर आपल्यासारखं बोलणारा माणूस म्हणजे घरगडी नाहीतर विनोदी मामा. इथं नायक तसं बोलला, नायिका तशी बोलली, आणि मुंबई-पुण्याच्या बायका आपल्या बोलीची नक्कल करायला लागल्या. हे काम छोटं नाही. त्याचं श्रेय मनापासून द्यायलाच हवं.

पण पुढचं कुणी लिहीत नाही. जून 2019 ला मालिका संपली. 2022 ला ‘सोयरीक’ सिनेमा आला. पुन्हा त्याच चॅनलवर नायक म्हणून ‘लाखात एक आमचा दादा’ आली ती 2024 च्या जुलैत. मोजा, मधे पाच वर्षं. एवढा गाजलेला चेहरा, आणि पाच वर्षं! मग ज्याला चारच एपिसोडचं काम मिळतं त्या आपल्या वाई-कोरेगावच्या, तासगाव-विट्याच्या पोराचं काय होत असेल? मालिकेचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात पडतात, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे. खोलीचं भाडं मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. अंधेरीत ऑडिशनच्या रांगेत उभं राहणाऱ्या पोराला गावाकडून फोन येतो, ‘कधी दिसणार रं टीव्हीवर?’ जेवलास का, हे आई सोडून कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, ज्याच्यात दम असतो तो वर येतोच. सयाजी शिंदे आले की! आले. पण कसे आले ते बघा. वेळेकामथीचा शेतकऱ्याचा मुलगा, साताऱ्यात कॉलेज शिकताना पाटबंधारे खात्यात रात्रीचा वॉचमन, पगार महिना 165 रुपये. 1978 पासून एकांकिका. 1987 ला ‘झुलवा’ नाटक, तेही आपल्या खटाव तालुक्यातल्या उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरचं. आणि देशानं ओळखलं ते 1999 च्या ‘शूल’मधे. एकवीस वर्षं लागली. एक माणूस एकवीस वर्षं टिकला, याचा अर्थ रस्ता चांगला होता असा होत नाही. त्याच रस्त्यावर गळपटून पडलेले किती, त्यांची नावं कोणत्याच फ्लेक्सवर नाहीत.

आता कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगलीला या. नाट्यपंढरी. 1843 ला विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ केलं. तेव्हा भावे पंचविशीतले! एका राजानं पंचविशीतल्या पोराला जागा दिली, खर्च दिला आणि मराठी नाटक उभं राहिलं. देवल इथले, खाडिलकर इथले. दीनानाथ मंगेशकर गोव्याचे, 1918 ला ऐन अठराव्या वर्षात त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली, पुढं सांगलीला घर केलं, इथंच सिनेमाच्या धंद्यात हात पोळले आणि 1942 ला पुण्यात वयाच्या 41 व्या वर्षी गेले. आज नाव घेताना आपली छाती फुगते. कर्ज वाढत होतं तेव्हा किती छात्या पुढं आल्या?

शंभरावं नाट्यसंमेलन मार्च 2020 ला सांगलीत ठरलं होतं, कोरोनानं ते गेलं. मुख्य सोहळा झाला जानेवारी 2024 ला पिंपरी-चिंचवडला. त्यावर इथं जेवढी हळहळ झाली, त्याच्या निम्मी तरी चर्चा इथली पोरं तालीम कुठं करतात यावर व्हायला हवी होती. सई ताम्हणकर सांगलीची, ‘मिमी’साठी फिल्मफेअर घेऊन आली की आपण सगळे तिचे गाववाले. तिच्यानंतरच्या पोरीसाठी आपण काय ठेवलंय?

गंमत बघा. ‘लागिरं’मधला अज्या सैन्यात जायला धडपडतो. आपल्याकडं भरतीची तयारी करणाऱ्या पोराला अख्खं गाव मदत करतं. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्याला ट्रकवाला बाजू देतो, तालुक्याला अकॅडमी, घरात दुधाचा ग्लास वेगळा. बरोबरच आहे, अपशिंगे मिलिटरीच्या जिल्ह्यात असंच असणार. पण तोच अज्या साकारायची तयारी करायची म्हटली तर जागा कुठं? राज्य नाट्य स्पर्धेला, पुरुषोत्तम करंडकाला उतरणारी पोरं गच्चीवर, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमधे, देवळाच्या मंडपात तालीम करतात. पाऊस आला की तालीम बंद. नाट्यगृह प्रयोगासाठी असतं, महिना-महिना तालमीला त्याचं भाडं परवडत नाही.

म्हणून अकॅडमी काढा, चित्रनगरी आणा, असलं मोठं काही मी मागत नाही. त्याची भूमिपूजनं होतात, कोनशिला बसते, पुढं गवत वाढतं. मागणं एवढंच आहे. सातारा आणि सांगली, दोन्ही गावांत पालिकेच्या शाळा आहेत. शाळा सुटली की वर्गांना कुलूप लागतं. त्यातली एकेक खोली संध्याकाळी सहा ते नऊ नाटकाच्या पोरांना द्या. एक ट्यूब, एक पंखा, आणि वहीत सही करून किल्ली. बाकं पोरं स्वतः सरकवतील, झाडूनही देतील.

दोन्ही गावचे आजी-माजी नगरसेवक, आमदारांचे पीए आणि फ्लेक्सवर नेहमी दिसणारी मंडळी माझ्या यादीत आहेत. पोस्ट वाचलीत हे मला कळतं. तुमच्या वॉर्डातल्या शाळेची किल्ली संध्याकाळी कुणाकडं असते, तेवढं खाली लिहा. तिथून पुढचं मी बघतो.