जुना मॉनिटर घ्यावा काय?

वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा आहे, हा समज आम्हांस मान्य नाही. बेताच्या मिळकतीच्या घरी संगणकाचा जुना मॉनिटर मुलांच्या अभ्यासास पुरेसा होतो. मात्र तो पारखून घ्यावा. दुकानातच पडदा क्रमाने पांढरा, काळा, तांबडा, हिरवा व निळा करून पाहावा. डाग वा निकामी ठिपके लागलीच दिसतात. त्यास १९८७ साली आलेली व्हीजीए जोडणीच असेल, तर एचडीएमआयच्या संगणकासाठी अडॅप्टरचा खर्च आधीच धरावा. अनेक जुन्या सपाट पडद्यांमागील दिव्यांत पारा असतो. ते केरात टाकणे घातक. म्हणून चालती वस्तू वापरात ठेवणे ही काटकसर तर आहेच, शिवाय कर्तव्यही आहे. विद्यार्थिमित्रांनो, पैसे मोजण्यापूर्वी पडदा उजळून दाखवावयास सांगा; त्यात संकोच कसला?